नगररचनाकारांचा एक दिवसाचा उजळणी वर्ग कसा भरवावा

मी नोकरीत असताना एका कपाटात नगररचना अधिनियमाची एक जुनी प्रत होती. पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी, आणि कलम १२७ च्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं ‘६ महिने’. त्यावर कुणीतरी काट मारून ‘१२’ केलं होतं. २०१५ च्या दुरुस्तीत ही मुदत २४ महिने झाली, पण ती पेन्सिल तिथवर पोचलेली नव्हती. विकास योजना लागू होऊन दहा वर्षं झाली, जमीन संपादन झाली नाही, मालकाने खरेदी सूचना, म्हणजे ‘आरक्षित जमीन विकत घ्या’ अशी नोटीस दिली, की ही मुदत मोजायला सुरुवात होते. तेवढ्यात संपादनाकडे पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे सुटतं. आमच्या एका रचना सहायकाने ती प्रत समोर ठेवून तेराव्या महिन्यात टिपणी लिहिली: ‘सदर आरक्षण व्यपगत झाले आहे.’ खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं ते, आणि अजून अकरा महिने जिवंत होतं. टिपणी वर जाण्याआधी पकडली गेली, एवढंच नशीब.

तो मुलगा आळशी नव्हता. त्याला नवीन काय ते सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. वास्तुविशारदांना निदान १९७२ च्या कायद्याने आलेली परिषद आणि तिची नोंदणी आहे. नगररचनाकारांची आपल्याकडे तशी वैधानिक परिषदच नाही. इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया १९५१ पासून आहे, तिचं महाराष्ट्राचं प्रादेशिक केंद्र आहे, पण सभासद होणं ऐच्छिक. अमेरिकेत एआयसीपीचं, म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड प्लॅनर्सचं प्रमाणपत्र टिकवायचं तर दर दोन वर्षांनी ३२ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपल्याकडे वर्गाला माणूस येतो तो हौसेने किंवा साहेबांच्या आदेशाने, आणि आदेशाने आलेला जेवणानंतर दिसत नाही.

म्हणून वर्ग भरवणाऱ्याने एकच कसोटी लावावी: माणूस परत गेल्यावर सोमवारी टेबलावरच्या फाइलीत त्याचा हात वेगळा चालेल का? गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या गावी असे दहा-बारा वर्ग भरवले, निम्मे फसले. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने मांडतो.

विषय फायलींतून काढा

समिती बसवून विषय ठरवला की ‘शाश्वत नागरी विकास: आव्हाने आणि संधी’ असला मथळा निघतो. त्याऐवजी दहा फोन करा: चार नगरपालिका-महापालिकांतल्या नगररचना विभागांना, चार खासगी वास्तुविशारद आणि परवानाधारक अभियंत्यांना, दोन भूमी अभिलेखला. प्रश्न एकच विचारा: ‘गेल्या सहा महिन्यांत कुठली फाइल त्रुटी काढून परत पाठवावी लागली, किंवा परत आली?’ दहापैकी सहा जण एकाच नियमाशी अडलेले निघतात. तोच तुमचा विषय.

एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा आम्हाला असं वाटलं होतं की लोक एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल याच्या तक्त्यावर अडतील. तक्ता सगळ्यांना पाठ होता. अडले ते ॲन्सिलरी एफएसआयवर, म्हणजे जिने, लिफ्ट अशा भागांसाठीच्या जादा एफएसआयवर. निवासी वापराला ६० टक्के, अनिवासीला ८० टक्के, इतकं सगळे म्हणून दाखवायचे. पण खाली दुकानं, वर घरं आणि दोन्हींना एकच जिना, अशी इमारत आली की तो जिना कुणाच्या खात्यात घालायचा यावर चर्चा सुरू. अर्धा दिवस या एका जिन्यावर गेला, आणि तो आमच्या चांगल्या वर्गांपैकी एक होता.

विषय अरुंद ठेवा. ‘यूडीसीपीआर’ हा विषय नव्हे, ते पुस्तक आहे. ‘३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरची परवानगी’ हा विषय आहे. ‘पूररेषा’ म्हटलं की भाषण सुरू होतं. ‘निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भूखंड, मालक परवानगी मागतोय, काय लिहाल?’ असं विचारलं की वर्ग सुरू होतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे पुस्तकात आहेच. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नेमकं काय, हे आधी समजावून द्यावं लागतं, नाहीतर तो हसतो. त्याचं हसणं बरोबरच आहे. दरवर्षी एक टक्का शक्यता, आणि दोन पूर लागोपाठच्या वर्षी यायला गणिताची हरकत नाही, हे फळ्यावर लिहून दाखवा.

कोण बसणार

तीस ते चाळीस माणसं, त्याहून जास्त नाही. पाच-सहा जणांचा एक गट, असे सात गट. शंभर जण जमवले की ती सभा होते.

नियमावलीचा विषय असेल तर टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसवा. नकाशा मंजूर करणारा कनिष्ठ अभियंता आणि नकाशा दाखल करणारा वास्तुविशारद एकाच गटात बसले, की पहिला अर्धा तास एकमेकांची उणीदुणी निघतात आणि मग काम सुरू होतं. भूमी अभिलेखचा एक तरी भूमापक हवाच. मोजणी नकाशा आणि सातबाऱ्याचं क्षेत्र जुळलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि त्याचं उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा खोलीत नसतो.

कायद्याचा विषय असेल, विशेषतः आरक्षण, संपादन, खरेदी सूचना, तर अधिकाऱ्यांचा वेगळा वर्ग घ्या. समोर खासगी मंडळी असली की अधिकारी तोंड उघडत नाहीत, आणि त्यांनी उघडू नये हेच बरं.

तारीख आणि पत्र

मार्च नको, वर्षअखेर असते. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू असताना नको, तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत सगळे अडकलेले असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा नको. आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर सरकारी सभागृह मिळेल असं धरू नका. ८ नोव्हेंबर, जागतिक नगररचना दिन, सगळ्यांना सुचतो. पण तो दिवाळीच्या आगेमागे पडतो आणि त्या दिवशी प्रत्येक संस्थेचा स्वतःचा कार्यक्रम असतो. मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा ऑगस्टची सुरुवात पकडतो.

वार? राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार मोकळा आहे म्हणून तो घेऊ नका. घरचा दिवस खाल्ला की माणूस रागावून येतो. शुक्रवार घ्या.

पत्र सहा आठवडे आधी जायला हवं, आणि ते व्यक्तीला नव्हे, आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना. प्रत सहायक संचालक, नगररचना यांना. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: किती कर्मचारी आणि कोणत्या पदाचे पाठवावेत, हा दिवस कर्तव्य कालावधी समजावा अशी विनंती, आणि शुल्क किती व कोणाच्या नावे. ईमेल पाठवून थांबू नका. माणूस पाठवून आवक क्रमांक घ्या. दहा दिवसांनी त्या क्रमांकाचा हवाला देऊन विचारा. आवक क्रमांक नसलेलं पत्र आपल्याकडे आलेलंच नसतं.

वक्ता

तीनपेक्षा जास्त नकोत. आणि वक्त्याकडे सादरीकरण मागू नका, पाच उदाहरणं मागा. उदाहरणं द्यायला लागतात तेव्हा कळतं कोणाच्या हातून काम गेलंय.

निवृत्त अधिकारी हा आपल्या क्षेत्राचा खजिना आहे आणि धोकाही. १९८७ साली अमुक शहराची विकास योजना करताना काय झालं, ही गोष्ट सुरू झाली की चाळीस मिनिटं गेली. मीही आता त्याच वर्गात मोडतो, म्हणून अधिकाराने सांगतो: निवृत्ताला भाषणाला उभं करू नका. त्याला गटांमधून फिरायला सांगा. कुणी अडलं की तो खांद्यावरून वाकून म्हणतो, ‘अहो, हा रस्ता मंजूर अभिन्यासातला, लेआउटमधला आहे, विकास योजनेतला नाही, आधी ते बघा.’ त्याच्याकडून हवं असतं ते हेच.

कायद्यासाठी वकील बोलवलात तर एकच निकाल नीट वाचून घ्या. खरेदी सूचनेनंतर संपादनासाठी ‘पावलं उचलली’ म्हणजे नेमकं काय, यावर गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये जे म्हटलं, ते समजलं की कार्यालयातली निम्मी टोलवाटोलवी थांबते. महापालिकेने नुसता ठराव करून प्रस्ताव पुढे ढकलला म्हणजे पाऊल पडलं, असा समज अजून पुष्कळांचा आहे.

दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत या सगळ्याला पाऊण तास लागतो, आणि पाहुणे उशिरा आले तर दीड. आम्ही सत्कार जेवणाच्या आधी दहा मिनिटांत उरकतो. सकाळी साडेनऊला वर्ग सुरू म्हणजे साडेनऊला कागद वाटलेले. पहिल्या वेळी कुजबुज झाली, दुसऱ्या वेळी लोक वेळेवर आले.

सराव, जो खरा वर्ग

दिवसातले चार तास इथे घाला. दोन प्रकार हमखास चालतात.

पहिला, आकडेमोडीचा. नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं: मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांना जागा काढायची आणि उरलेली नव्याने आखून परत द्यायची. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आपल्याकडे आहे, पण हाताने हिशेब केलेले थोडे. प्रत्येक गटाला एकच मूळ भूखंड द्या: १०,००० चौरस मीटर, दर चौरस मीटरला २,००० रुपये. किंमत २ कोटी. योजनेत ४० टक्के जमीन रस्ते, बागा, शाळा यांना गेली आणि मालकाला ६,००० चौरस मीटरचा अंतिम भूखंड मिळाला. योजनेतल्या सुधारणा हिशेबात न धरता त्याची किंमत १ कोटी २० लाख. सोयीसाठी दर तोच धरलाय. म्हणजे मालकाला नुकसानभरपाई ८० लाख. आता रस्ते, पाणी, गटार झाल्यावर दर ५,००० धरला, तर भूखंड ३ कोटींचा. वाढ १ कोटी ८० लाख, तिचा निम्मा वाटा मालकाने योजनेला द्यायचं अंशदान म्हणून, ९० लाख. वजाबाकी केली की मालकाने भरायचे १० लाख.

इथपर्यंत सगळ्यांचं उत्तर जुळतं. मग गटांना सांगा, सुधारित दर ५,००० ऐवजी ४,५०० धरा. भूखंड २ कोटी ७० लाखांचा, वाढ दीड कोटी, निम्मी ७५ लाख, आणि आता योजनेनेच मालकाला ५ लाख द्यायचे. पाचशे रुपयांच्या फरकाने देणारा घेणारा झाला. खोली शांत होते. कुणीतरी विचारतं, ‘मग हा दर ठरवायचा कोणी आणि कशावरून?’ ते दुपारचं सत्र. प्रश्न त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, तुम्ही विचारू नका.

दुसरा प्रकार, लुटुपुटीची सुनावणी. प्रारूप विकास योजना कलम २६ खाली प्रसिद्ध झाली, ३० दिवसांत हरकती-सूचना आल्या, आता कलम २८ ची नियोजन समिती बसलीय: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चारपर्यंत जाणकार. भूमिकांच्या चिठ्ठ्या करा आणि अधिकाऱ्यांना हरकतदार करा. एकाला शेतकरी: बारा गुंठे जमीन, सात रस्त्यात. एकाला तालमीचा वस्ताद, ज्याच्या तालमीवर भाजी मंडईचं आरक्षण पडलंय. खासगी वास्तुविशारदांना समितीत बसवा.

एकदा शेतकऱ्याची चिठ्ठी एका अनुभवी नगररचनाकाराला निघाली. समितीतल्या वास्तुविशारदाने त्याला ऐकवलं, ‘आपली हरकत अभिलेखावर घेण्यात आली असून नियोजनाच्या दृष्टीने उचित निर्णय घेण्यात येईल.’ हे वाक्य त्या गृहस्थांनी नोकरीत शेकडो वेळा उच्चारलेलं. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, ‘साहेब, म्हणजे माझं घर राहणार की जाणार?’ सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

सरावासाठी खऱ्या फायली वापरायच्या, पण गट क्रमांक, मालकाचं नाव, उत्तरेचा बाण आणि शेजारच्या ओळखीच्या खुणा काढून. न्यायप्रविष्ट प्रकरण तर अजिबात नको. क्षेत्र थोडं बदला, नकाशा आरशातल्यासारखा उलटा करा. तरीही कुणीतरी ओळखतंच. तेव्हा ‘ही आमचीच फाइल’ असं म्हणण्याआधी त्याला चहा द्या.

कागद आणि छपाई

एकदा आम्ही १:५०० प्रमाणाचा अभिन्यास चाळीस प्रती छापून आणला. दुकानातल्या मुलाने ‘फिट टू पेज’ ठेवलं होतं. १८ मीटरचा रस्ता कागदावर ३६ मिलिमीटर यायला हवा, तो जेमतेम ३४ भरला. लोकांनी पट्टी लावली, रस्ता १७ मीटरचा निघाला, आणि इमारतीभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरं सगळी कमी भरली. अर्धा तास आम्ही एकमेकांना चूक ठरवत होतो. तेव्हापासून प्रत्येक नकाशावर रेखांकित प्रमाणपट्टी असते आणि गठ्ठा ताब्यात घेण्याआधी दुकानातच पट्टी लावून पाहतो.

मराठी अक्षरांचाही घोळ असतो. जुन्या टंकातलं टिपण दुसऱ्या संगणकावर उघडलं की अधिसूचनेची खिचडी होते. सगळं युनिकोडमध्ये करून घ्या किंवा पीडीएफ आणा. आणि वाटलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी छापा: ‘अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह’. यूडीसीपीआर आल्यापासून कित्येकदा दुरुस्त झाली आहे. तारीख नसलेलं टिपण पाच वर्षांनी त्या पेन्सिलीच्या ‘१२’ सारखं कुणाच्या तरी अंगाशी येतं. ही नियमावली जिथे लागूच नाही ते भागही लिहा: बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा वगैरे. शेजारच्या जिल्ह्यातून आलेला माणूस हमखास त्यातल्याच एका ठिकाणचा असतो.

जागेवर जाणं

जमलं तर सकाळी पहिले दोन तास. एकच जागा, चालत जाता येईल अशी: विकास योजनेत १८ मीटर दाखवलेला आणि प्रत्यक्षात नऊ उरलेला रस्ता, किंवा शहरातला बुजत चाललेला ओढा. प्रत्येकाच्या हातात भाग नकाशाची प्रत आणि टेप. मोबाइलवरचं ठिकाण दहा-पंधरा फूट इकडेतिकडे होतं, हे दाखवायला तेवढं पुरे. लोक जमतील आणि विचारतील, ‘मोजणी कशाची?’ उत्तर आधी ठरवून ठेवा आणि नगरसेवकांना आदल्या दिवशी कळवा. आम्ही एकदा कळवलं नव्हतं. दुपारपर्यंत गावात बातमी होती की घरं पाडायची यादी निघाली.

पैसे

सभागृह, छपाई, जेवण, वक्त्यांचा प्रवास, एवढेच मोठे खर्च. छपाईवर हात आखडू नका, मंचावरच्या फुलांवर आखडा. शुल्क असं ठेवा की तीस माणसांत खर्च निघेल. चाळीस आले तर पुढच्या वर्गाची सोय. नगरपालिकेला पावती व्यवस्थित हवी, लेखापरीक्षणात तीच मागतात.

विकासकाचं प्रायोजकत्व घेऊ नका. पाठीमागच्या फलकावर ज्याचं नाव आहे त्याचा नकाशा समोर बसलेल्याच्या टेबलावर पडलेला असतो. सॉफ्टवेअर विकणारे येतात, त्यांना जेवणाच्या सुट्टीत बाहेर एक टेबल द्या, मंच देऊ नका.

परीक्षा, प्रमाणपत्र आणि नंतरचे तीन महिने

सकाळी दहा प्रश्नांचा कागद, नाव न लिहिता. संध्याकाळी तोच कागद पुन्हा. फरक फळ्यावर लिहा. लोकांना स्वतःचे गुण कळू द्या, साहेबांना कळू देऊ नका. अभिप्रायाच्या छापील तक्त्यात सगळे ‘उत्तम’वर खूण करतात. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढा कागद द्या आणि एकच ओळ मागा: ‘परत गेल्यावर कुठली एक गोष्ट वेगळी कराल?’

प्रमाणपत्रावर विषय आणि तास लिहा. ‘उत्स्फूर्त सहभागाबद्दल’ असलं काही नको. सेवापुस्तकात नोंद व्हायची असेल किंवा परदेशात शिकायला जाणाऱ्या पोराला दाखवायचं असेल, तर ‘टीपी स्कीम हिशेब, ६ तास’ हेच कामाला येतं.

व्हॉट्सॲप गट करायचाच तर तीन महिन्यांनी बंद करायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो सुप्रभातात बुडतो. तीन महिन्यांनी ती पोस्टकार्डं काढा आणि एकेकाला फोन करा. गेल्या वेळच्या चौतीस कार्डांपैकी एकावर लिहिलं होतं, ‘कपाटातली अधिनियमाची प्रत बदलेन.’ फोन केला तेव्हा प्रत बदललेली होती. जुनी कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, टाकून देववली नाही, नव्या प्रतीच्या मागे ठेवलीय. पुढच्या वर्गाला घेऊन ये म्हटलं. सकाळच्या कागदातला पहिला प्रश्न तिच्यावरूनच काढायचाय.